दारातली तोटी गळते तेव्हा : आळे परिसरातल्या नवशिक्यांसाठी

प्रस्तुत मार्गदर्शन आळे, संतवाडी, कोळवाडी, वडगाव आनंद आणि आळेफाट्याच्या चौकातून अर्ध्या तासात गाठता येतील अशा सर्व वस्त्या-मळ्यांसाठी आहे. ज्यांच्या घरात फ्रीज आहे, फ्रीजच्या दाराला बाहेरून गार पाणी घ्यायची तोटी आहे आणि त्या तोटीखाली सध्या एक पातेलं आहे, त्यांनी पुढे वाचावं. पातेलं नसेल तर आधी ठेवून या. पातेलं ही दुरुस्तीची पहिली पायरी असून अनेक घरांत तीच शेवटची ठरली आहे. आठवड्याभरात पातेल्याच्या आवाजाची सवय होते, पंधरवड्यात ते भरल्यावर तुळशीला ओतायचं काम कुणा एकाकडे जातं आणि महिन्याभरात पातेलं हा फ्रीजचाच भाग आहे अशी घरातल्या लहान मुलांची समजूत होते. तुमचं घर या अवस्थेला पोहोचलं असेल आणि कुणाची तक्रार नसेल, तर उगाच बिघाड काढू नका.

तक्रार असेल तर पुढे चला.

काम सुरू करण्याआधी प्लग काढा. फ्रीजचं बटण बंद करणं म्हणजे प्लग काढणं नव्हे, आणि स्टॅबिलायझरचा लाल दिवा विझणं म्हणजेही नव्हे. फरशी ओली, पाय ओले, हात ओले, आणि घराचं अर्थिंग ज्यानं केलं तो माणूस आता मुंबईला असतो: ही परिस्थिती विनोदाची नाही. प्लग काढून तो फ्रीजच्या डोक्यावर, सर्वांना दिसेल असा ठेवा. नाहीतर तुम्ही आत हात घातलेला असताना घरातली कुणीतरी काळजीवाहू व्यक्ती "अगं बाई, फ्रीज बंदच राहिला" म्हणून तो परत लावेल.

यानंतर तुमच्या फ्रीजची जात ओळखायची आहे. तोटीवाले फ्रीज दोन प्रकारचे. पहिल्यात दाराच्या आतल्या बाजूला दोन-तीन लिटरची प्लास्टिकची टाकी बसवलेली असते, ती आपण हातानं भरायची. आपल्याकडचे बहुतेक असे. दुसऱ्यात फ्रीजच्या पाठीमागून बारीक पांढरी नळी येते आणि घराच्या पाण्याच्या लाईनीला जोडलेली असते. असा फ्रीज ज्याच्याकडे असतो तो पाहुण्यांना तो स्वतःहून दाखवतो, त्यामुळे ओळखायला अडचण येत नाही. फ्रीज कुठल्या पैशातून आला, यावरून मात्र जात ठरत नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला, तेव्हा दोन्ही जातींचे फ्रीज टेम्पोतून आले. आळेफाट्याच्या कांद्याच्या लिलावातून आलेला फ्रीज शक्यतो एक दाराचा आणि बिनतोटीचा असतो. कांदा माणसाला सावध करतो.

काही वाचक विचारतील की, दोष कंपनीचा का म्हणू नये? भौगोलिक दृष्टीनं पाहा. आपल्या जिल्ह्यात फ्रीज तयार होतात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत, महागणपतीच्या शेजारी. विघ्नं हरण करणारा बसला आहे ओझरला, कुकडीच्या काठी. जन्म एका विनायकाकडे, निवारण दुसऱ्याकडे, आणि मधल्या रस्त्यावर जे काही होतं त्याला कुणी जबाबदार नाही. तेव्हा आपणच बघू.

निदान. हा भाग सावकाश वाचा, कारण घाई इथेच होते. पाणी जिथे दिसतं तिथे ते गळत असतं, असं नवशिका धरून चालतो. आपल्या घरांच्या फरशीला मोरीकडे उतार असतो. फ्रीज कोपऱ्यात गळतो आणि डबकं दोन फूट लांब, पिठाच्या डब्याखाली सापडतं. मग डब्यावर संशय, डब्यावरून सुनेवर, सुनेवरून तिच्या माहेरच्या फरशीवर विषय जातो. तसं होऊ देऊ नका. फरशी कोरडी पुसा, फ्रीजच्या चारही बाजूंनी जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि तासाभरानं कुठला कागद आधी भिजला ते पाहा. फक्त तोटीखालचा भिजला तर दोष तोटीचा किंवा टाकीचा. दाराच्या खालच्या कडेशी भिजला तर पाणी टाकीतून दाराच्या आतून उतरतंय. समोरचा सगळा भिजला आणि तोटी कोरडी असेल, तर तोटी निर्दोष आहे. तिची माफी मागा आणि भाजीचा ड्रॉवर काढा.

त्या ड्रॉवरखाली पाणी साचलं असेल तर उलगडा झाला. बर्फ न धरणाऱ्या फ्रीजमध्ये आतल्या गारव्याच्या नळ्यांवर हिम जमतं, ठरावीक वेळानं हिटर ते वितळवतो, आणि ते पाणी मागच्या भिंतीतल्या छोट्या भोकातून नळीनं खाली, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. तिथे कॉम्प्रेसरच्या उष्णतेनं त्याची वाफ होते. म्हणजे फ्रीज रोज पाणी काढतो आणि रोज गुपचूप वाळवतो, आणि घरात हे कुणालाच ठाऊक नसतं. ते भोक जोवर उघडं आहे तोवर गुपित टिकतं. आपल्याकडे ते बुजतं कोथिंबिरीनं. सोमवारी बेल्ह्याच्या बाजारातून जुडी येते, न निवडता आत जाते, तिची एक काडी घरंगळत मागे पोहोचते. उपाय सोपा आहे: कोमट पाणी आणि सुई नसलेली मोठी सिरिंज. दुभती जनावरं असलेल्या घरात पन्नास मिलीची सिरिंज असतेच. कृपया नवीन वापरा. गायीच्या कासेत औषध सोडलेली सिरिंज फ्रीजमध्ये घालणाऱ्याला ही मार्गदर्शिका ओळख दाखवत नाही.

टाकी की दुसरं काही, अशी शंका उरली तर बिटाचा प्रयोग करा. बिटाचा तुकडा किसून त्याचा रस टाकीतल्या पाण्यात मिसळा. फरशीवर लाल पाणी आलं तर टाकी गळते. स्वच्छ आलं तर नाही. कुंकू वापरू नका, ते पोटात जायचं नसतं, आणि सकाळी फ्रीजमधून लाल पाणी गळताना पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांनी देवऋषाला बोलावलं तर निदान लांबतं. पावसाळ्यात आणखी एक फसवणूक होते. श्रावणात हवा इतकी ओली असते की गार दारावर नुसतंच दव धरतं आणि ओघळतं. त्याला दुरुस्ती नाही, फडकं आहे. तीच गोष्ट लांबलेल्या भारनियमनाची. शेतीच्या लाईनीवर असलेल्या वस्तीत लाईट रात्रभर गेली, सकाळी फ्रीजसमोर तळं, तर आधी फ्रीझर उघडून बर्फ कुठे गेला ते विचारा.

एवढं करून डोळ्यांना काही कळलं नाही तर कान लावा. हे सांगताना आळेकरांची भीड वाटण्याचं कारण नाही. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले असं सांगतात, त्याची समाधी याच गावात आहे आणि चैत्रात यात्राही भरते. मुक्याचं म्हणणं ऐकून घ्यायची पद्धत इथली जुनी. रात्री फाट्यावरून नाशिककडे आणि माळशेजकडे वळणाऱ्या ट्रकांचे हॉर्न जरा थंडावले की फ्रीजजवळ पाट टाकून बसा. एकसारखी, घड्याळासारखी टप-टप असेल तर तोटीची झडप पूर्ण मिटत नाही. पाणी घेतल्यावर चार-पाच थेंब आणि मग शांतता, तर काहीही बिघडलेलं नाही; नळीच्या तोंडाशी राहिलेलं पाणी उतरतंय. गुळगुळ आवाज येऊन थेंब पडत असतील आणि तुमचा फ्रीज नळीवाला असेल, तर लाईनीत हवा अडकली आहे. फिल्टर बदलल्यावर असं हमखास होतं. आठ-दहा लिटर पाणी सलग काढून टाका. टाका म्हणजे बादलीत भरा, मोरीत सोडू नका, घरात आजी आहे.

आता मूळ मुद्द्याकडे. तोटीतून टप-टप चालू आहे, टाकी हातानं भरायची आहे. गुन्हेगार बहुधा आपलं पाणी.

आपण बसलोय काळ्या कातळावर. बोअरचं पाणी त्या बेसॉल्टमधून मुरत येतं आणि येताना चुना नि मॅग्नेशियम घेऊन येतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं त्यात म्हटलं आहे. दुसरा स्रोत नसेल तर, हे शब्द आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाटतात. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं जुन्नर-आंबेगावात आणि त्यांचं पाणी कालव्यानं श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत कसं जातं, यावर ज्यांना बोलायचं आहे त्यांनी पारावर जावं. इथे प्रश्न अडीच लिटरचा आहे.

तर टाकीच्या तळाला पुढे एक नळकांडं असतं, ते दाराच्या भोकातून बाहेर तोटीत जातं. आत स्प्रिंगवर बसलेली छोटी झडप असते. पेला दाबला की खटका झडप उचलतो, पेला काढला की स्प्रिंग ती परत बसवते. झडपेच्या काठाला मऊ रबराची चकती असते, तिला सगळे वायसर म्हणतात, आणि नळकांड्याभोवती दुसरं रबरी कडं असतं. पाण्यातला क्षार या दोन्हींवर हळूहळू पांढरा थर धरतो. थर खरखरीत, वायसर मऊ. दोघांमध्ये केसाएवढी फट राहिली की रात्रभरात पातेलं भरतं. गळणाऱ्या तोट्यांची भली मोठी कारणं लोक सांगतात. खरं कारण नखानं खरवडता येतं.

क्षाराखेरीज दुसरा आरोपी म्हणजे सरबत. या टाकीत फक्त पाणी भरावं असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि पुस्तिका स्टॅबिलायझरच्या खोक्यात असते. उन्हाळ्यात पाहुणे येतात, कुणीतरी उत्साही आत्या म्हणते, "त्यात रसनाच करून ठेवू की, पोरं आपापलं घेतील." पोरं घेतात. साखर मात्र झडपेत बसते, वाळते आणि मुंग्यांना निरोप जातो. ताक भरणारीही घरं आहेत. त्यांच्याबद्दल इतकंच सांगता येईल की जिरं त्या झडपेतून जात नाही.

कृती अशी. टाकी वर उचलून, स्वतःकडे ओढून काढा. न निघाल्यास जोर लावू नका, ती आधी वरच्या खाचेतून सुटते. उरलेलं पाणी माठात ओता. तोटीचा भाग फिरवून सुटा होत असेल तर सोडवा. कुठला भाग कुठे होता याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. स्प्रिंग हमखास उडते. ती कपाटाखाली जाते. कपाट सरकवण्याआधी घरातल्या सर्वांत लहान हाताला हाक मारा. एका वाटीत कोमट पाणी घेऊन चमचाभर लिंबूसत्व विरघळवा, सुटे भाग त्यात अर्धा तास बुडवा. क्षारावर बारीक बुडबुडे येतील. ते आम्लात चुना विरघळल्याचे आहेत, घाबरू नका. लिंबूसत्व नसेल तर लिंबू चालेल, पांढरं व्हिनेगरही चालेल. चिंच पितळेसाठी ठेवा. मऊ, नवीन टूथब्रशनं घासा, स्वच्छ पाण्यानं दोनदा धुवा, वायसर बोटांत धरून वाकवून पाहा. वाकताना भेग दिसली किंवा ते पापडासारखं कडक लागलं, तर धुऊन उपयोग नाही, नवीन आणा.

नवीन आणायला जाताना जुनं बरोबर न्या. "फ्रीजच्या तोटीचं छोटं वायसर" असं नुसतं बोलून आळेफाट्यावरच्या दुकानात काही मिळत नाही. दुकानदार नळाचं काळं वायसर पुढे करेल आणि "हेच बसतं, सगळे हेच नेतात" म्हणेल. सगळे नेत असतील. पिण्याच्या पाण्याला सिलिकॉनचं, बिनवासाचं, मापाचं लागतं. सायकलची ट्यूब गोल कापून बसवणारे हुन्नरी लोक प्रत्येक गावात असतात, आणि त्यांच्या घरचं पाणी प्यायल्यावर पंक्चरच्या दुकानाची आठवण येते. पांढरी टेप आट्यांवर चालते. वायसरच्या जागी गुंडाळली तर तोटी एकतर बंदच होत नाही नाहीतर उघडतच नाही.

टाकी परत बसवताना नळकांडं भोकात नीट, शेवटपर्यंत गेलं पाहिजे. वरून दोन्ही तळव्यांनी दाबा, टक् असा आवाज येतो. निम्म्या गळत्या याच अर्ध्या इंचात असतात, आणि त्या नेमक्या टाकी धुतल्यानंतरच सुरू होतात. म्हणूनच स्वच्छतेबद्दल काही घरांत आकस आढळतो. खुणेच्या रेषेवर पाणी भरू नका. दार आपटणारी मुलं असतील तर दोन बोटं खालीच ठेवा. आणि तोटीखालची जी छोटी जाळीदार ट्रे आहे, तिला निचरा नसतो. ती कुठेही जोडलेली नाही. तिच्यातून पाणी "आत जातं" असं समजून पेला विसळणाऱ्यांना सांगा की ते कुठेच जात नाही, ते तुमची वाट बघतं. ट्रे काढून ओतावी लागते. कित्येक गळत्या म्हणजे भरून वाहणारी ही ट्रे.

नळीवाल्या फ्रीजच्या मालकांसाठी थोडक्यात. या फ्रीजच्या आत विजेवर चालणारी झडप असते आणि ती मिटायला पाण्याचाच दाब लागतो. बऱ्याच पुस्तिकांमध्ये किमान २० पीएसआय दाब मागितलेला असतो. तुमच्या स्लॅबवरची टाकी फ्रीजच्या झडपेपेक्षा १० फूट उंच असेल तर मिळतो सुमारे ४. पूर्ण २० हवा असेल तर टाकी ४६ फुटांवर न्यावी लागेल, आणि तेवढ्या उंचीची टाकी गावात ग्रामपंचायतीचीच असते. दाब कमी पडला की झडप अर्धवट मिटते आणि थेंब चालू राहतात. दोष झडपेचा नसतो, उंचीचा असतो. छोटा प्रेशर पंप लावणं हा मार्ग आहे. दुसरं असं, की या नळीला बंद करायचा कॉक घराच्या आत, हाताशी हवा. पुष्कळ ठिकाणी तो घरामागे, टाकीच्या पायथ्याशी, उसाच्या कडेला लावलेला असतो. रात्री दोन वाजता गळती लागली म्हणून तिकडे जाऊ नका. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र या तालुक्यात उगाच उभारलेलं नाही. फरशी भिजू द्या, उजाडल्यावर बघू.

एव्हाना घरातून सल्ले सुरू झाले असतील. नाना म्हणतील, फ्रीजखाली पुढून लाकडी पाचर मारा. यात तथ्य आहे: फ्रीज पुढून किंचित उंच असावा म्हणजे दार आपोआप मिटतं आणि आतलं पाणी मागच्या भोकाकडे जातं, फक्त पाचरीऐवजी पुढचे पाय फिरवून उंच करता येतात. भाऊजी म्हणतील, गॅस गेला असेल. गॅस गेला तर गारवा जातो, पाणी येत नाही. शेजारच्या वहिनी म्हणतील, "आमच्या ह्यांना काही करता येत नाही, पण फ्रीज गळत नाही हो." याला उत्तर नाही. आजी म्हणतील, माठ बरा. आजींशी वाद घालण्याआधी एवढं लक्षात घ्या की माठ गळतोच, अंगभर गळतो, आणि झिरपलेलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं म्हणूनच आतलं गार राहतं. गळायचं बंद झालेला माठ आपण बाद करतो. आजींची बाजू शास्त्रात भक्कम आहे, तेव्हा विषय बदला.

शेवटी सर्व्हिस सेंटर. फोन केल्यावर हिंदीतून तक्रार नोंदवली जाईल आणि पत्ता विचारला जाईल. आळे आणि आळेफाटा ही वेगळी ठिकाणं आहेत हे इथेच, सावकाश, दोनदा सांगा. न सांगितल्यास माणूस फाट्यावर येऊन फोन करतो, चौकातल्या चारही रस्त्यांकडे बघतो आणि "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा मारून संगमनेरला निघून जातो. तो आलाच, आणि तोवर तुम्ही वायसर बदललेलं असेल, तर तसं सांगून टाका. चहा द्या. पाणी मागितलं तर फ्रीजच्या तोटीतूनच द्या, तेवढीच चाचणी होईल.

एवढ्या सगळ्या खटपटीनंतर काही घरं वेगळ्याच निर्णयाला येतात: टाकी काढून माळ्यावर, तिच्या जागी लोणच्याच्या बरण्या. यालाही हरकत नाही. पण दारातलं भोक उघडं ठेवू नका. त्यातून गार हवा बाहेर जाते, ओली हवा आत येते, आतल्या भिंती घामेजतात आणि नव्यानं पाणी गळू लागतं, या वेळी तोटी नसलेल्या फ्रीजमधून. मापाचं रबरी बूच मिळतं, ते बसवा. काढून ठेवलेली टाकी पाहुण्यांच्या दिवशी परत लावता येते.

भोकात एम-सील भरू नका. भरलंच असेल, तर वरची मार्गदर्शिका तुमच्या कामाची नाही. नव्या दाराचा भाव विचारा.